मदत हवी आहे : पीटीएफई ग्राफ्टच्या टाक्यांतून रक्त झिरपतं, फायब्रिन ग्लू नेमका कधी लावायचा?

नमस्कार मंडळी. मी सर्जरीची रेसिडेंट, सध्या व्हॅस्क्युलर युनिटला आहे.

परवा फेमोरल (मांडीतल्या) धमनीला पीटीएफई ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम रक्तनळी, जोडला. टाके छान बसले होते, कड कुठेच उघडी नव्हती. रक्त अडवणारा क्लॅम्प काढला आणि सुईच्या जवळपास प्रत्येक छिद्रातून रक्ताचा बारीक थेंब वर आला. पुसला की पुन्हा. कारण कळतं: सुई दोऱ्यापेक्षा जाड, पीटीएफई धमनीसारखं आकसून छिद्र मिटवत नाही आणि वर रक्त गोठू न देणारं हेपरिन दिलेलं. गॉज दाबून धरला, मग त्यावर फायब्रिन ग्लू सोडला. पांढरट थर धरला, पण खाली रक्त साचत गेलं आणि अख्खा पापुद्रा उचलून सक्शनमध्ये गेला. हेपरिनचा परिणाम उलटवणारं प्रोटामिन दिलं, पुन्हा दाबून धरलं, तेव्हा कुठे थांबलं. पेशंट बरा आहे. माझ्या डोक्यातून मात्र तो पापुद्रा जात नाही.

नंतर वाचत बसले. फायब्रिन ग्लूमध्ये फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे दोन्ही घटक असतात, म्हणून हेपरिन असतानाही तो धरतो, पण जागा कोरडी लागते. जिलेटिन-थ्रॉम्बिनचं उलट: त्याला फायब्रिनोजेन पेशंटच्याच रक्तातून मिळतं, म्हणून तो ओल्या जागीच चालतो. म्हणजे आम्ही वाहत्या रक्तावर ग्लू ओतला, चूक तिथेच झाली, असं मला वाटतं.

आता अडलंय ते असं. क्लॅम्प असतानाच कोरड्या जोडावर ग्लू लावला, तर तो पक्का होईपर्यंत तुम्ही किती वेळ थांबता? तेवढा वेळ पाय रक्ताविना ठेवायला माझा जीव धजत नाही. शिवाय तेव्हा ग्राफ्ट रिकामा असतो. छिद्रांतून ग्लू आत उतरून गुठळी होईल ही भीती कितपत खरी? की थेंब दिसल्यावर थेट जिलेटिन-थ्रॉम्बिन लावून वरून ओला गॉज धरणंच बरं? पीईजीचा (पॉलिएथिलीन ग्लायकॉल या कृत्रिम पदार्थाचा) ग्लूही युनिटमध्ये आहे, पण तो फुगून चौपट होऊ शकतो, आणि जांघेतल्या अरुंद जखमेत, नसेच्या शेजारी, तो वापरायला मी कचरते.

धार लागली असेल तर टाकाच घालायचा, ग्लूने ते काम होत नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. प्रश्न फक्त या झिरपण्याचा आहे. पुढच्या आठवड्यात लिस्टवर अशीच केस आहे, त्याआधी कुणी स्वतःची पद्धत मिनिटांच्या हिशोबासकट लिहिली तर फार मदत होईल. ओटीतल्या सिस्टर्सनीही लिहा. गोठवून ठेवलेला ग्लू कधी वितळवायला घ्यायचा, हे तुम्हालाच आमच्यापेक्षा जास्त कळतं.