क्षयाच्या शिबिरात एक्स-रे एआयने वाचला, तर रेडिओलॉजिस्ट हवाच का?

उत्तररात्र (धागाकर्ता)
हातात धरायच्या यंत्रावर गावातच छातीचे एक्स-रे निघतात, वाचणारा मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांपासून पुढच्यांच्या क्षय-तपासणीत माणसाऐवजी सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचायला हरकत नाही म्हटलं. सॉफ्टवेअर सहसा क्षयाचा संशय किती, हे सांगणारा ० ते १०० मधला आकडा देतं. ठरवलेल्या मर्यादेच्या (कटऑफच्या) वर गेला की थुंकी ट्रूनॅट किंवा सीबीनॅटला, म्हणजे क्षयजंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला. पक्कं निदान थुंकीवरच होणार, मग मधे रेडिओलॉजिस्टसाठी थांबायचं कशाला?

काळीकाच
कटऑफ ठरवला कुणी? कंपनीने? जरा हिशेब करा. हजार माणसं, त्यांत क्षयाचे १० धरू. सेन्सिटिव्हिटी (रुग्णांपैकी किती पकडले) ९० टक्के, स्पेसिफिसिटी (क्षय नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) ७०. रुग्ण ९ सापडले, १ घरी गेला, आणि क्षय नसलेल्या ९९० पैकी २९७ जण थुंकीच्या रांगेत. म्हणजे ९ रुग्णांसाठी ३०६ चाचण्या. तेवढ्या ट्रूनॅटच्या चिप्स (दर चाचणीला एक लागते) आहेत का शिबिरात?

उत्तररात्र
एक्स-रे नसता तर हजारच्या हजार चाचण्या कराव्या लागल्या असत्या, ते नाही सांगितलंत! नुसती लक्षणं विचारून भागत नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय क्षय सर्वेक्षणात एक्स-रे नसता तर ४२.६ टक्के रुग्ण सुटले असते.

डार्करूम
तुमचं भांडण आकड्यावर, पण घोळ त्याच्या आधीच होतो. मोठ्यांमध्ये क्षय बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतो आणि बायकांची घट्ट वेणी नेमकी तिथेच पडते. एक्स-रेवर पांढुरका पट्टा येतो, सॉफ्टवेअर त्याला डाग समजू शकतं. वेणी डोक्यावर बांधायला सांगा. मंगळसूत्र, ताईत काढायला सांगा. छाती डिटेक्टरला टेकवून खांदे पुढे घ्यायचे, नाहीतर खांद्याची पाती फुफ्फुसावर येते. श्वास पूर्ण भरून धरलेला हवा. पाठवण्याआधी मागच्या बरगड्या मोजा: डायाफ्रामच्या (फुफ्फुसांखालच्या पडद्याच्या) वर नऊ-दहा दिसल्या नाहीत तर पुन्हा काढा. आणि फिल्म खिडकीशी धरून मोबाइलवर फोटो काढायचा उद्योग बंद करा, चकाकीसुद्धा डाग होते.

काळीकाच
डार्करूम, +१. पण फोटो उत्तम असला तरी बरा झालेल्या क्षयाचा व्रण किंवा खाणकामगाराचा सिलिकोसिस (धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) आकडा वर नेतोच. उलट, क्षयाचा आकडा कमी म्हणजे छाती साफ असं नाही. कर्करोगाची गाठ, वाढलेलं हृदय कोण बघणार? म्हणून कमी आकड्याच्या फिल्मसुद्धा रेडिओलॉजिस्टकडे जायला हव्यात, त्याच दिवशी नसल्या तरी.

उत्तररात्र
नंतर जाऊ देत की! माझा आक्षेप थुंकी अडवून ठेवण्याला आहे. कटऑफचं म्हणाल तर त्या भागात सुरुवातीला काही दिवस आकडा न बघता सगळ्यांची थुंकी तपासायची, मग आपल्याकडच्या चिप्सच्या हिशेबाने कटऑफ लावायचा.

काळीकाच
चालेल. फक्त सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की जुना ६० आणि नवा ६० एकच असेल असं नाही, हा खटाटोप पुन्हा करावा लागतो. आणि अपडेट झालंय, हे शिबिरातल्या तंत्रज्ञाला कळवतं कोण?