रोझेशियावर झिंकच्या गोळ्या: गुण गोळीचा की ऋतूचा?

दारव्हा_आशा: गावातल्या एका बाईंना त्वचारोगतज्ज्ञांनी रोझेशिया (चेहऱ्यावर लाली आणि फोड येणारा त्वचारोग) सांगितला आहे. त्यांच्याच सल्ल्याने झिंक सुरू होणार. गुण आला हे कसं ठरवायचं?

औषधी_भाऊ: ताई, आधी विचारा, चेहरा उजळवणारी मिक्स क्रीम लावतात का? त्यातल्या स्टिरॉइडनं अशीच लाली येते, आणि क्रीम सोडल्यावर काही काळ वाढते. दोष मग गोळीवर जातो.

झिंककडून अपेक्षा बेताचीच ठेवा. २००६ साली इराकमध्ये झिंक सल्फेट १०० मिग्रॅ दिवसातून तीनदा देऊन फायदा दिसला; २०१२ च्या अमेरिकेतल्या चाचणीत २२० मिग्रॅ दोनदा, ९० दिवस देऊनही औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही. असा मोठा डोस महिनोन्महिने चालला तर शरीरात तांबं कमी पडून रक्त घटतं.

पुसद_त्वचा: मे महिन्यात सुरू करून ऑगस्टात मोजू नका. आपल्याकडचं ऊन उतरलं की लाली तशीही उतरते. फोटो दर आठवड्याला सकाळी, दारातल्या त्याच सावलीत. चुलीजवळून उठल्याबरोबर नको. फोड मोजून वहीत लिहा. मलम, तिखट, तर्री आहे तसंच राहू द्या.

डॉक्सिसायक्लिन (रोझेशियावर देतात ती अँटिबायोटिक गोळी) चालू असेल तर झिंक दोन-तीन तास दूर ठेवा, नाहीतर दोन्ही पोटात बांधली जाऊन डॉक्सी अंगी लागत नाही. रिकाम्या पोटी मळमळतं. भाकरीनंतर घेतल्यास शोषण थोडं घटतं, पण उलटीपेक्षा ते बरं.

दारव्हा_आशा: सोबत बी-कॉम्प्लेक्स?

औषधी_भाऊ: एका वेळी एकच. त्यात निकोटिनिक ॲसिड असेल तर नकोच, त्यानंच चेहरा लाल होतो. निकोटिनामाइडनं तसं होत नाही. आणि डोळे चुरचुरत असतील तर आधी नेत्रतज्ज्ञ गाठा.