रात्रीच्या लाइटीचं निमित्त करून मळ्यात झोपतो, मंडळीला खरं कसं सांगू?

केळीवाला, यावल तालुका

वय ५२, लग्नाला २७ वर्षं झाली. साडेचार एकर केळी आहे. मुलीचं लग्न झालं, मुलगा पुण्याला. घरात मी, मंडळी आणि माझी आई. नऊ वर्षांपासून साखर आहे, गोळ्या चालू आहेत.

दोन वर्षांपासून ताठपणा राहत नाही. सुरुवातीला येतो आणि मध्येच जातो. पहिल्यांदा झालं त्या आठवड्यात आमची कापणी होती, दिवसभर घड वाहिले होते, म्हटलं थकवा असेल. मग दर वेळेस तेच. हळूहळू मी जवळ जाणंच सोडलं.

आमच्याकडे मोटारीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मोटारीला ऑटो बसवलेला आहे, लाइट आली की ती आपोआप चालू होते. तरी मी रात्री मळ्यात जाऊ लागलो, नंतर तर दिवसाच्या पाळीतही. कधी व्हॉल्व्ह बदलायचा म्हणून, कधी रानडुकरं येऊ राहिली म्हणून. मळ्यातल्या खोलीत खाटच टाकली.

आखाजीला मुलगी आली होती. ती सासरी गेली त्या रात्री मंडळीने ताट वाढलं आणि विचारलं, "तुमचं दुसरीकडे काही हाये का? असंन तं सांगून द्या मले." मी ताटावरून उठलो. या बाईने माझ्या बापाचं दोन वर्षं अंथरुणातलं सगळं केलं. तिच्या मनात हे यावं आणि त्याला कारण मी असावं, हे मला सहन होत नाही.

एसटी स्टँडजवळून ८०० रुपयांची पुडी आणली. घेतल्यावर तोंड लाल झालं, डोकं फुटायला आलं. फार घाबरलो.

हे साखरेमुळेच होतं का? इलाज आहे का? आणि तिला सांगू कसं? २७ वर्षांत या विषयावर आम्ही एक शब्द बोललेलो नाही.

रिटायर्ड गार्ड, भुसावळ

भाऊ, उरलेली पुडी आजच फेका. अशा 'आयुर्वेदिक' पुड्यांत पुष्कळदा न सांगता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं ताठपणाचं औषध, मिसळलेलं सापडतं. तोंड लाल होणं, डोकं दुखणं त्यानेही होतं. छातीच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ते गेलं तर बीपी एकदम कोसळतं, जीवही जातो.

मला हाच त्रास ५४ व्या वर्षी सुरू झाला. रात्रीच्या ड्यूट्यांना दोष देत वर्ष घालवलं. शेवटी एका फिजिशियनसमोर बोललो, तर त्यांनी पहिला ईसीजी काढला. मला रागच आला होता, तक्रार कुठली आणि हे बघतात काय! त्यांनी समजावलं, त्या जागच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. तुमच्या ड्रिपसारखंच, छिद्र आधी चोंदतं, मेन लाइन नंतर. पुढच्या तपासण्यांत ब्लॉक निघाला आणि स्टेंट बसला. ही तक्रार लपवून ठेवली असती तर मी आज हे लिहायला नसतो.

साखर रक्तवाहिन्याही खराब करते आणि नसाही. तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, ईसीजी आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन बघून घ्या. पहाटे झोपेत ताठपणा येतो का तेही डॉक्टरांना सांगा. तेव्हा नीट येत असेल तर भीतीचा वाटा मोठा असतो. तंबाखू असेल तर सोडा. बीपीची गोळी मनाने बंद करू नका.

मला सॉर्बिट्रेट चालू आहे, त्यामुळे सिल्डेनाफिलची गोळी मला कायमची बंद. तरी आमचं थांबलेलं नाही. हात आहेत, ओठ आहेत, एकमेकांच्या अंगाची सवय आहे. ६१ व्या वर्षी हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सिस्टर, अमळनेर

दादा, तुम्ही सगळं तुमच्याबद्दल लिहिलं. वहिनींची पाळी चालू आहे का? या वयात पाळी जाते, आतली कातडी पातळ आणि कोरडी होते, संबंधाच्या वेळी चरचरतं, कधी रक्तही येतं. आमच्या ओपीडीत बायका पोटदुखी सांगून येतात आणि दार लागल्यावर हे सांगतात. मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेल मिळतं, ते वापरा. तेवढ्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. सलग १२ महिने पाळी आली नाही तरच ती गेली म्हणायचं, तोवर दिवस राहू शकतात.

डॉक्टरांनी तपासून सिल्डेनाफिल दिलंच तर भरल्या पोटी घेऊ नका, तळकट जेवणानंतर ते उशिरा लागू होतं. आणि जवळीक असल्याशिवाय नुसत्या गोळीने काही होत नाही.

सांगायचं कसं? अंथरुणात नको, दुसऱ्या वेळी सांगा. नंतर दोन-तीन आठवडे संबंध ठेवायचाच नाही असं दोघांनी ठरवा, फक्त शेजारी झोपा, पाठीवरून हात फिरवा. परीक्षा नसली की अंग सैल होतं.

केळीवाला, यावल तालुका

तीन आठवड्यांनी लिहू राहिलो.

आई झोपल्यावर मागच्या ओट्यावर सांगितलं. मंडळी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. माझ्याकडे न बघता तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले वाटलं मी म्हातारी झाली म्हणून तुम्हाले नको झाली." थोड्या वेळाने तिनेच सांगितलं की दीड वर्षापासून पाळी नाही, शेवटी शेवटी फार दुखायचं, आणि मी मळ्यात जायचो तेव्हा तिला रडूही यायचं आणि सुटल्यासारखंही वाटायचं. सिस्टर, तुम्ही विचारलं नसतं तर मी तिला हे विचारलंच नसतं.

जळगावला दोघं गेलो. तीन महिन्यांची साखर ९.६ निघाली. गोळ्या बदलल्या. ईसीजी ठीक आहे, स्ट्रेस टेस्ट पुढच्या आठवड्यात, त्यानंतर गोळीचं बघू म्हणाले. तिला क्रीम दिलं आहे.

काल खाट ट्रॅक्टरवर टाकून घरी आणली. आई विचारू लागली, आता मळ्यात कोण झोपणार? मी काही बोलायच्या आत मंडळी म्हणाली, "मोटारीले ऑटो हाये ना."