अळंबीची जागा सांगावी की लपवावी? (सिडनी, शरदातली भटकंती)

भटक्या_विरार:
रविवारी लेन कोव्ह बुशलँड पार्कात गेलो होतो. इथला शरद मार्च ते मे. तिकडे आई माठ धुऊन ठेवते तेव्हा आम्ही जॅकेटं बाहेर काढतो. आठवडाभर पाऊस झालेला. गोर क्रीकच्या कडेला लिली पिलीच्या झाडाखाली (ही आपल्या जांभळाची चुलतबहीण, दोघी सिझिजियमच) कुजक्या पानांतून नखाएवढी लालभडक टोपी वर आलेली. मेण चोळल्यासारखी चकाकी. हायग्रोसायबी नावाची अळंबी! वीस मिनिटं पालथा पडून फोटो काढले, नकाशावर खूण केली, ग्रुपवर टाकली. तासाभरात एका ताईंचा निरोप: फोटो ठेवा, खूण काढा.

काढली. पण पटलं नाही. या पार्कातल्या हायग्रोसायबींचा अख्खा समुदाय न्यू साउथ वेल्सच्या कायद्याने संकटग्रस्त म्हणून नोंदवलेला आहे. एक जात तर या जागेच्याच नावाने ओळखली जाते, लेनकोव्हेन्सिस. सरकारच जागेचं नाव छापतं, मग मी काय लपवू? लोकांनी पाहिलंच नाही तर जपायचं कोणी?

ओली_पानं:
ती ताई मीच. सरकारी कागदात पार्कचं नाव आहे, तुमच्या त्या लिली पिलीचं नाही. आणि "पालथा पडून" हे तुम्हीच लिहिलंय. वाटेवर पडलात की वाटेखाली उतरून? टोपी म्हणजे नुसतं फळ हो. झाड जमिनीखाली, धाग्याधाग्यांचं. तुम्ही फळ तोडलं नाहीत, झाडावर कोपरं टेकून झोपलात. त्याच खुणेवर आणखी चाळीस जण येऊन झोपले की माती घट्ट होते. भंडारदऱ्याला काजवे बघायला गाड्यांचे दिवे लावून जाणारी गर्दी आठवा. तिथेही सगळे निसर्गप्रेमीच होते.

कटिंग_चहा:
ताई, इथली ब्रश टर्की (कोंबडीसारखा पक्षी) दिवसभर तोच पालापाचोळा उकरत असते. तिला कोण निरोप पाठवतं?

ओली_पानं:
ती तिथलीच आहे. तुम्ही शनिवारी ब्लू माउंटन्स आणि रविवारी लेन कोव्ह करता, तेही त्याच बुटांनी. फायटोफ्थोरा नावाची मूळकुज बुटाच्या चिखलातूनही फिरते. काही वाटांच्या तोंडाशी ब्रश आणि फवारा ठेवलेला असतो तो त्यासाठी. किती जण वापरतात ते उभं राहून बघा एकदा.

अ‍ॅडलेडकर:
मी धागाकर्त्याच्या बाजूने. आमच्याकडे माउंट गॅम्बियरजवळ पाइनच्या लागवडीत रात्री चमकणारी घोस्ट मशरूम उगवतात. वनखात्याने जागा लपवली नाही. उलट वाट आखून दिली, तिला घोस्ट मशरूम लेन नाव दिलं. लोक टॉर्च विझवून उभे राहतात, डोळे अंधाराला सरावले की फिकट हिरवा उजेड दिसायला लागतो. माझी मुलगी तेव्हापासून प्रत्येक ओंडका वाकून बघते. लपवून हे झालं असतं?

ओली_पानं:
उदाहरण छान, पण ते लाकडासाठी लावलेलं पाइन आहे आणि घोस्ट मशरूम इतरत्रही सापडतं. इथे वस्तीने चहूबाजूंनी वेढलेली जंगलाची चिंधी उरली आहे. तण आणि गटाराचं पाणी आधीच आत येतंय.

सावंतवाडी_टू_सिडनी:
अवांतर: आम्ही लहानपणी पावसात वारुळावरची अळंबी आणायचो. यातलं भाजीला काय चालतं?

कटिंग_चहा:
काहीही नको! कॅनबेरात २०१२ मध्ये डेथ कॅप खाऊन दोघांचा जीव गेला. ते ओकखाली उगवतं, शिजवूनही विष जात नाही. आजीने शिकवलेली ओळख इथे चालत नाही. अळंबी डब्यातलीच आणा, महाग असली तरी.

अ‍ॅडलेडकर:
मधला मार्ग आहे की. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) नोंद टाका. तिथे बऱ्याच संकटग्रस्त जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, इतरांना वीसेक किलोमीटरचा चौकोन दिसतो. नोंद राहते, झुंबड येत नाही.

भटक्या_विरार:
नोंदीपुरतं ठीक. पण वीस किलोमीटरच्या चौकोनात मी पोराला काय दाखवू?

बाकी, ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. वाटेखाली उतरलो होतो. काल फोटो लॅपटॉपवर मोठे करून पाहिले. तिसऱ्या फोटोत लाल टोपीच्या डावीकडे एक पिवळी आहे, साबुदाण्याएवढी. सातव्या फोटोत तिथे माझं कोपर आहे. अकराव्यात नुसती चेपलेली पानं.

जागा सांगू नये हे अजूनही पटत नाही. वाटेवर उभं राहून जेवढं दिसतं, त्याच्याच खुणा टाकीन.

ओली_पानं:
वाटेवरून दिसणाऱ्यावरही माझं तेच म्हणणं आहे, पण ते उद्या. पुढच्या रविवारी येताय का? जुना दातांचा ब्रश घेऊन या, बुटांसाठी.