मुखकर्करोग आणि टीपी५३ जनुक

घराण्यात कोणालाच कर्करोग नसेल, तर जनुकांचा संबंध येतोच कुठे, असा प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून थोडे सांगतो. मुखकर्करोगातील बहुतांश उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांत झालेले बदल, आईवडिलांकडून आलेली नसतात. तंबाखू, सुपारी आणि मद्य यांचा मारा सोसणाऱ्या तोंडाच्या अस्तरपेशींमध्ये ती वर्षानुवर्षे साचत जातात.

यात सर्वाधिक आढळते ते टीपी५३ या जनुकातील उत्परिवर्तन. डीएनएला इजा झाली की या जनुकापासून बनणारे पी५३ हे प्रथिन पेशीचे विभाजन रोखून दुरुस्तीला अवसर देते आणि इजा दुरुस्तीपलीकडची असेल, तर पेशीला मृत्यूकडे नेते. हे प्रथिन चार-चारच्या गटाने काम करते. त्यामुळे जनुकाची एक प्रत शाबूत असली, तरी दुसऱ्या प्रतीपासून बनलेले सदोष प्रथिन त्याच गटात शिरून सगळे काम बिघडवू शकते. पेशीविभाजनाला आवर घालणारे सीडीकेएन२ए हे जनुकही अनेकदा निकामी झालेले असते.

टाटा मेमोरियल सेंटरचे खारघरमधील कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीची जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांच्या सहभागाने २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाल व हिरड्यांच्या कर्करोगात टीपी५३सोबत कॅस्प८, फॅट१ आणि नॉच१ ही जनुकेही वारंवार बदललेली आढळली. आपल्याकडे तंबाखूची गोळी नेमकी तिथेच धरली जाते, म्हणून हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो.

टीपी५३ आणि सीडीकेएन२ए यांच्या बिघाडात पेशीला आवरणारे कार्यच हरवते. औषधांची खरी अडचण अशी की, अतिसक्रिय प्रथिन रोखणे तुलनेने सोपे असते, पण हरवलेले कार्य पेशीला परत मिळवून देणे फार कठीण जाते.