मनगट सोडवायला शिकवतो, पण ‘दाजी, हात काढा’ म्हणायला कोण शिकवणार?

तिलारीकाठ:
समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने आत्मरक्षा शिकवतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे खाजगी वर्गही निघालेत. सगळीकडे तेच: मनगट सोडवा, केस ओढले तर काय, मागून मिठी मारली तर काय. हल्लेखोर अनोळखी, वाट सुनसान. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021 च्या अहवालात मात्र बलात्काराच्या 96 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा आहे.

ओळखीचा माणूस आधी मनगट पिरगाळत नाही. क्लासहून गाडीवर सोडतो, रिचार्ज मारून देतो, ‘आईला सांगू नको हं’ म्हणून एखादं बारीकसं गुपित ठेवायला लावतो. मग लग्नघरात खांद्यावरचा हात जरा जास्तच वेळ राहतो. तिथं कोण गुडघा मारणार? निम्मा वेळ ही चाल ओळखण्याला आणि तोंड उघडण्याला द्या.

कॅनडात विद्यापीठातल्या मुलींसाठी बारा तासांचा असा कार्यक्रम झाला, तीन-तीन तासांची चार सत्रं. 2015 साली निष्कर्ष छापून आले: वर्षभरात बलात्काराचं प्रमाण शिकलेल्यांत 5.2 टक्के, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत 9.8.

डोजोवाला:
त्या चार सत्रांतलं एक हातापायाच्याच प्रतिकाराचं आहे, ते का गाळलंत? आणि त्या विद्यापीठातल्या मुली, सातवीतल्या नव्हेत. 96 टक्क्यांत लग्नाच्या आमिषाच्या तक्रारींचाही मोठा भाग आहे, तिथं ‘हात काढा’चा काय उपयोग?

माझा मुद्दा साधा आहे. भीतीनं अंग गोठतं तेव्हा आवाजही गोठतो. सरावानं अंग सुटतं, मग आवाज सुटतो. एका मास्तरापुढं साठ मुली, तास चाळीस मिनिटांचा. त्यातला निम्मा बोलण्यात घालवला तर एकीलाही धड काही येणार नाही.

तिलारीकाठ:
मग सरावाची जागा बदला. मैदानात समोरासमोर उभं राहून काय होतंय? बाकावर, खाटेवर, ओट्याला टेकून करून घ्या. माणूस अंगावर आला की मुली दोन्ही हातांनी छाती ढकलतात. हात दमतात, कोपर दुमडतात आणि सगळं वजन खाली येतं. त्यापेक्षा टाचा कुल्ल्यांजवळ घ्यायच्या, एका पायावर जोर देऊन कंबर झटक्यात बाजूला सरकवायची, मधे गुडघा घालायचा, मग तळपायानं ढकलून उठायचं.

बोलण्याचाही सराव असाच. नातं, कृती, हुकूम: “दाजी, हात काढा.” हसायचं नाही, कारण द्यायचं नाही. कारण दिलं की घासाघीस सुरू. जोडीदारिणीनं उलट म्हणायचं, “अगं, मस्करी केली की!” मुलीनं तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणायचं आणि चार माणसांत निघून यायचं. तो ‘मस्करी’वाला टोला नसेल तर सराव फुकट. मुली नेमक्या तिथंच ओशाळून गप्प बसतात.

शाळामास्तरीण:
दोघंही सगळं ओझं पोरीवरच टाकताय. दहा वर्षांच्या मुलीला ‘प्रतिकार कर’ एवढंच शिकवलं आणि ती गोठली, तर तिला वाटतं चूक माझीच. मग ती सांगतच नाही. वर्गातलं पहिलं वाक्य हवं: “काही करता आलं नाही तरी दोष तुझा नाही.”

आणि वर्ग आधी मोठ्यांचा घ्या. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम 19 प्रमाणे कळलं की कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. तरी ‘घरचंच आहे, मिटवा’ चालूच! मुलगी बोलली की ‘का गेलीस’ विचारू नये, पुन्हापुन्हा वदवून घेऊ नये. तिचेच शब्द तारीख-वेळ घालून लिहावेत. त्या माणसाला जाब विचारायला धावू नये, तो तिला गाठून धमकावतो.

वकिली नजर:
इथं आपल्या भागाची एक अडचण कुणी काढलीच नाही. पोरगी मराठीत सांगते, जबाब कन्नडात लिहिला जातो. कुठं हात लावला, कसा लावला, ते भाषांतरात गुळमुळीत होतं आणि उलटतपासणीत तेच धरलं जातं. पोक्सोच्याच कलम 26 प्रमाणे दुभाषी मिळू शकतो, मागून घ्या. सहीआधी सगळं मराठीत वाचून दाखवायला लावा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. कलम 24 प्रमाणे जबाब मुलीच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेशाविना.

कपडे धुऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. ओल राहून बुरशी येते, पुरावा जातो. सुकवून कागदात गुंडाळा. पोलिसांआधी दवाखान्यात गेलं तरी चालतं, उपचार नाकारता येत नाहीत. तातडीची गर्भनिरोधक गोळी आणि एचआयव्हीची लागण टाळायचं औषध दोन्ही 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. नंबर 112, मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181.

डोजोवाला:
खाटेवरचा सराव मान्य, घालतो. पण ती ‘मस्करी’ची ओळ पुरुष मास्तरानं म्हटली तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेवर येतील.

शाळामास्तरीण:
पुरुषानं म्हणूच नये. बाई शिक्षिका किंवा दुसरी मुलगी म्हणेल. आणि त्याआधी पालकसभेत हा सराव आयांकडून करून घ्या. निम्म्याजणींच्या तोंडून ‘भावोजी, हात काढा’ निघणार नाही, बघा.