गाठ नीट तपासायची सोय आधी, की कार-टीचं संशोधन आधी?

राजारामपुरीकर:
मंडळी, स्पष्टच लिहितो, पटलं नाही तर जरूर भांडा. लिम्फोमा (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) आणि न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन सोडणाऱ्या पेशींची गाठ, डॉक्टर लोक नुसतं 'नेट' म्हणतात) या दोन्हींवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत दणक्यात संशोधन झालंय आणि पेपरात दर आठवड्याला काहीतरी 'क्रांती' छापून येतीय. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडं आधी कळस आणि मग पाया असा कारभार चाललाय.

कार-टी काय असतंय ते थोडक्यात. पेशंटच्या रक्तातल्या टी-सेल (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, लॅबमध्ये त्यांच्यात जीन घालून कॅन्सरची पेशी ओळखायला लावायचं आणि परत शरीरात सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी उभी केलेली नेक्सकार-१९ ही आपली पहिली देशी कार-टी, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली. अभिमान मलाही आहे. पण खर्च चाळीस लाखांच्या आसपास. आमच्या जिल्ह्यातला किती टक्के माणूस तिथवर पोचणार?

आणि इकडं काय चाललंय? मानेत गाठ आली की सुईनं थोड्या पेशी काढून बघतात (एफएनएसी), रिपोर्टवर 'ग्रॅन्युलोमा' (टीबीत दिसतो तसला पेशींचा पुंजका) लिहून येतंय आणि टीबीच्या गोळ्या चालू. हॉजकिन लिम्फोमातसुद्धा ग्रॅन्युलोमा दिसू शकतो हे पुस्तकात लिहिलेलं आहे. आमच्या दाजींना शहरातल्याच एका दवाखान्यात असंच टीबी म्हणून महिनोन्महिने गोळ्या दिल्या, गाठ वाढतच गेली, शेवटी बहिणीनं हट्ट धरला म्हणून अख्खी गाठ काढून तपासली तेव्हा हॉजकिन निघाला. तोवर छातीत पसरला होता. हॉजकिन हा बरा होणारा कॅन्सर आहे हो, त्याला कार-टी लागतच नाही बहुतेक वेळा, वेळेत ओळखायला लागतंय. म्हणून म्हणतो, पुढची पाच वर्षं पैसा जिल्ह्याच्या पॅथॉलॉजीत घाला, संशोधन जरा थांबू दे.

शिवाजीपेठ_सायन्स:
दादा, दाजींचं वाचून वाईट वाटलं आणि निदानाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण 'संशोधन थांबू दे' याला माझा ठाम विरोध.

रिटुक्सिमॅबचं उदाहरण घ्या, लिम्फोमाच्या पेशीला हेरून चिकटणारं इंजेक्शन. १९९७ साली अमेरिकेत आलं. २००२ साली फ्रेंच गटानं साठ ते ऐंशी वयाच्या लिम्फोमाच्या ३९९ पेशंटांचे निकाल छापले, नुसत्या 'चॉप' केमोवर (चार औषधांची नेहमीची केमो) दोन वर्षांनी शंभरात ५७ जिवंत आणि रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७०. एवढा फरक, पण इथल्या माणसाला परवडत कुठं होतं? २००७ मध्ये डॉ. रेड्डीजनं त्याचीच देशी आवृत्ती रेडिटक्स काढलं, मग बाकीच्या कंपन्या आल्या आणि किंमत खाली यायला लागली. आज कोल्हापुरातल्या पेशंटला आर-चॉप (रिटुक्सिमॅब अधिक चॉप) मिळतंय ते इथल्या लॅबमध्ये ते औषध बनवायची अक्कल कुणीतरी कमावली म्हणून. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठनं येणार?

कार-टीचंही तेच. २०१७ ला अमेरिकेत लिम्फोमासाठी पहिली कार-टी आली तेव्हा नुसत्या औषधाची किंमत ३ लाख ७३ हजार डॉलर होती. त्यापुढं चाळीस लाख कितीतरी कमी, आपल्याला अजून जास्तच वाटतात, पण दिशा बघा ना. आणि २०२५ मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजीत नेक्सकार-१९ चे आकडे आलेत, आधीचे सगळे उपचार फसलेल्या पेशंटांत शंभरात ७३ जणांना प्रतिसाद मिळाला. ही माणसं आपली आहेत, आपल्या दवाखान्यातली आहेत.

कागलचा_पाव्हणा:
सायन्सवाले भाऊ, तुमचं बोलणं चांगलं हाय पर 'दिशा बघा' म्हणून पोट भरत न्हाय. आमच्यासनी फुले योजनेचं कार्ड हाय, पाच लाखापतोर. चाळीस लाखाला उरलेलं कुठनं आणायचं, रान इकायचं? आणि दुसरं, हे टिरायल टिरायल म्हणत्यात त्यात गरिबालाच आधी घालत्यात, मग चाललं तर शेटजीला मिळतंय. माझा भाचा लिम्फोमाचा पेशंट हाय, त्याला एका ठिकाणी कागदावर सही करा म्हणाले, काय लिवलंय ते कुणी वाचून दावलं न्हाय. आम्ही उठून आलो. राजारामपुरीकर बरोबर बोलत्यात.

शिवाजीपेठ_सायन्स:
पाव्हणं, न वाचून दाखवता सही मागितली असेल तर उठून आलात ते बरंच केलंत, ते नियमातच बसत नाही. १५ जून २००९ पासून भारतातली प्रत्येक ट्रायल सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदवहीत घालायलाच लागते, नंबर मागून घ्या, मोबाईलवर उघडून बघता येतो. २०१९ च्या नियमांत ट्रायलमुळं इजा झाली तर फुकट उपचार आणि नुकसानभरपाई हे दोन्ही आहे. संमतीचा कागद तुमच्या भाषेत समजावून द्यायला लागतो आणि मधेच कधीही बाहेर पडता येतंय. ट्रायल म्हणजे फसवणूकच असं धरून चाललात तर भाच्याचा एक रस्ता तुम्हीच बंद करताय.

मंगळवारपेठ_ताई:
मी नेटच्या बाजूनं लिहिते, कारण आमच्या घरात तोच आहे, मिस्टरांना. मार्च २०१८ मध्ये इरफान खाननं स्वतःचा आजार जाहीर केला तेव्हा लोकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. आम्हाला त्याच्या आधीपासून त्रास, जेवण झालं की तोंड लालबुंद व्हायचं, जुलाब थांबत नव्हते, सगळे म्हणायचे ॲसिडिटी, टेन्शन, तिखट कमी करा. कोल्हापूरच्या माणसाला तिखट कमी करा सांगितलं की घरचे पण लगेच विश्वास ठेवतात.

परळला टाटात गॅलियमचा स्कॅन (नेटची गाठ शोधायचा) झाला तेव्हा कळलं. हा स्कॅन कुठंही का होत नाही ते तिथल्या टेक्निशियननं छान समजावलं, गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी अर्धा होतो, त्यामुळं तो तिथंच तयार करून तिथंच टोचायला लागतो, कुरिअरनं कोल्हापूरला पाठवायचं म्हटलं तर वाटेतच संपणार. उपचाराचं ल्युटेशियम-१७७ मात्र साडेसहा दिवसांच्या वर टिकतं अर्ध्यावर यायला. आणि हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरमध्ये बनतं, भाभा अणुसंशोधन केंद्राचं. ट्यूमरच्या पेशीवर जो रिसेप्टर (औषध बसायची खाच म्हणा) असतो त्याला जाऊन चिकटणारं औषध आणि त्या औषधाला बांधलेलं रेडिएशन, म्हणजे रेडिएशन थेट गाठीच्या दारात. आठ-आठ आठवड्यांनी, असे चार डोस.

डोसच्या दिवशी किडनी वाचवायला अमिनो ॲसिडची बाटली लावतात, खरा त्रास त्या बाटलीचा, उलट्या होतात. घरी आल्यावर वेगळा संडास, दोनदा फ्लश, नातवाला मांडीवर घ्यायचं नाही. तो दारात उभा राहून आजोबा म्हणून रडायचा. पण जुलाब थांबले हो. राजारामपुरीकर दादा, तुम्ही 'थांबू दे' म्हणता तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. ते संशोधन थांबलं असतं तर यांना काय मिळालं असतं?

राजारामपुरीकर:
ताई, तुमच्या मिस्टरांना बरं वाटतंय हे वाचून खूप आनंद झाला, मनापासून. पण ल्युटेशियमचे आकडे मी पण वाचलेत. २०१७ ची नेटर-१ नावाची ट्रायल, आतड्याच्या नेटचे २२९ पेशंट. वीस महिन्यांनी शंभरात ६५ जणांचा आजार वाढला नव्हता, नुसत्या ऑक्ट्रिओटाइडवर (नेटचं महिन्याचं इंजेक्शन) जेमतेम ११ जणांचा. हे सगळीकडं छापून आलं. पण शेवटचा हिशोब, म्हणजे माणूस किती जगला, त्यात ४८ महिने विरुद्ध ३६ आले आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हे कुणी हेडलाइनमध्ये घालत नाही. मला हेच खटकतंय. 'गाठ वाढली नाही' आणि 'माणूस जास्त जगला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पेशंटला दोन्ही सांगा.

शिवाजीपेठ_सायन्स:
अर्धंच सांगताय दादा. त्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटातल्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त लोकांना आजार वाढल्यावर नंतर हाच उपचार मिळाला. दुसऱ्या गटातल्या एवढ्या जणांनी शेवटी तेच औषध घेतलं तर जगण्यातला फरक झाकोळणारच, आणि त्यांना नाकारायचं तरी कसं, माणुसकी म्हणून? पुढं नेटर-२ मध्ये जास्त जोमानं वाढणाऱ्या नेटसाठी हेच सुरुवातीलाच देऊन बघितलं, आजार न वाढता मिळालेला काळ साडेआठ महिन्यांवरून जवळजवळ तेवीसवर गेला. २०२४ चं आहे.

लक्ष्मीपुरी_मेडिकल:
मी औषधाच्या दुकानात बसतो, रोज बिलं बघतो, त्यामुळं मला दोघांचंही अर्धं पटतंय आणि अर्धं नाही. संशोधन पाहिजेच, पण कुठलं ते कुणी विचारत नाही. टाटामध्ये तोंडाच्या नि घशाच्या कॅन्सरवर निवोलुमॅब (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) नुसतं २० मिलिग्रॅम तीन आठवड्यांनी देऊन बघितलं, नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४०. केमोच्या गोळ्यांबरोबर हा चिमूटभर डोस दिला तर वर्षभरानं जिवंत असणारे शंभरात १६ वरून ४३ वर गेले. २०२२ ला छापलंय. याला म्हणतात आपल्या खिशाचं संशोधन! हे कुठली कंपनी करणार नाही कारण त्यात तिचा माल कमी खपतोय. लिम्फोमात नि नेटमध्ये पण असंच व्हायला पाहिजे, कमी डोस चालतो का, दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवता येतंय का. ऑक्ट्रिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन घ्यायला येणाऱ्या बाया-माणसांच्या हातातला रुमालात गुंडाळलेला पैसा मी बघतो, म्हणून एवढं तोडून लिहितोय.

आणि ऑगस्ट २०२४ पासून जीन थेरपी, दुर्मिळ आजार असल्या काही गटांत अमेरिका, युरोप, जपान वगैरे ठिकाणी मंजूर झालेल्या औषधाला इथं ट्रायल न घेता परवानगी मिळू शकते. औषध लवकर येईल हे चांगलं, पण आपल्या माणसाच्या वजनाला, आपल्या टीबीच्या इतिहासाला ते कसं झेपतंय याचे आकडे कोण गोळा करणार?

फॉर्मॅलिन_कोल्हापूर:
लॅबमध्ये टेक्निशियन आहे म्हणून मूळ मुद्द्यावर येतो, कारण वर सगळे रिॲक्टरपर्यंत जाऊन आले आणि गाठ लॅबला पाठवायची डबी राहिली. राजारामपुरीकर म्हणतात तसा पैसा आला तर उत्तमच, पण काही गोष्टींना पैसाच लागत नाही. मानेतली गाठ काढली की अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवतात. फॉर्मॅलिनमध्ये टीबीचा जंतू मरतोय, मग कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) कसलं करणार? एक तुकडा साध्या सलाईनमध्ये टीबीसाठी आणि उरलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये, एवढं सर्जनच्या सिस्टरला माहीत असलं तर टीबी का लिम्फोमा हा घोळ निम्मा मिटतोय. आणि डबी छोटी नको, फॉर्मॅलिन गाठीच्या दहापट तरी पाहिजे, मी चिंचोक्याएवढ्या डबीत कोंबलेल्या गाठी बघितल्यात, आत कुजलेल्या, त्यावर मार्कर (कॅन्सरचा प्रकार ओळखायची तपासणी) लागतच नाही. नेटच्या रिपोर्टवर पण केआय-६७ चा टक्का (किती पेशी वाढीला लागल्यात ते) नसेल तर परत मागा, तीनच्या खाली, तीन ते वीस आणि वीसच्या वर यावर अख्खा उपचार बदलतोय.

राजारामपुरीकर:
बघा, हेच मी म्हणत होतो. ही ट्रेनिंग कोण देणार? कुठल्या बजेटमधनं? मी अजूनही म्हणतो की आधी हे.

शिवाजीपेठ_सायन्स:
आणि मी अजूनही म्हणतो, त्यासाठी संशोधनाचा रुपया कापायची गरज नाही, बजेटच्या बाकीच्या रकान्यांत बघा.

कागलचा_पाव्हणा:
फॉर्मॅलिनवाले दादा, भाच्याची गाठ काढून झाली हाय, रिपोर्टवर नुसतं लिम्फोमा लिवलंय, कुठला ते न्हाय. आता परत कापायला लागंल का?

फॉर्मॅलिन_कोल्हापूर:
बहुतेक नाही. त्या लॅबमध्ये जाऊन मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड दोन्ही मागा, लेखी अर्ज द्या, गाठ भाच्याची आहे त्यामुळं द्यायला लागतात. कसली टाळाटाळ केली तर अर्जाची पोच घ्या. ब्लॉकवरच आणखी मार्कर लावता येतात. उन्हात ठेवू नका, मेण वितळतंय.

मंगळवारपेठ_ताई:
आणि भाऊ, ते घेऊन परळला टाटात दाखवायला गेलात तर ब्लॉक हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. रात्रीच्या महालक्ष्मीनं निघालात तर सकाळी दादरला उतरा, तिथनं जवळ पडतं. जुने सगळे स्कॅन सीडीसकट न्या, नुसता कागद चालत नाही. काही अडलं तर इथंच लिहा, मी बघते.